हेडफोन उलटा घालणारे सुभेदार

आमच्या कॉलनीत कुणीही नवा हेडफोन आणला की तो आधी सुभेदार आप्पांच्या डोक्यावर बसतो आणि मग मालकाच्या. तोही एकदा बसून भागत नाही. पहिल्यांदा सरळ बसतो. आप्पा डोळे मिटतात, मिशी एका अंगाला ओढतात आणि मिनिटभर गप्प होतात. मग हेडफोन काढतात, गर्रकन फिरवतात आणि उलटा घालतात. म्हणजे डाव्या कानाची बाजू उजव्या कानावर आणि उजव्याची डाव्यावर. पुन्हा मिनिटभर शांतता. हेडफोन रस्त्यावरच्या गाड्यावरून उचललेला असो की जावयाने परदेशातून पाठवलेला असो, ही दुहेरी परेड झाल्याशिवाय त्याची सुटका नाही.

त्यानंतर पाळी मालकाची.

"घाल डोक्यात. डावा कान, रिपोर्ट दे!"

"येतोय आवाज, आप्पा."

"येतोय म्हंजी? उजव्याइतका येतोय का कमी? आता फिरीव. उलटा घाल. आता कंच्या कानात कमी येतोय?"

माणूस कंटाळून "दोन्हीकडे सारखाच येतोय हो" म्हणाला की आप्पांचा चेहरा सैल पडतो आणि मगच ते निकालाकडे वळतात. निकाल तीनच. पास, नापास आणि मेडिकल अनफिट.

ह्या उलट्यासुलट्या प्रकाराचं कारण मी एकदा विचारलं होतं. "बैल घेताना एका बाजूनंच बघून घेतो का कोन?" असं उलट उत्तर मिळालं. माझं माहेर वाईतल्या भिक्षुकाचं. आमच्या घरात बैल फक्त पोळ्याला मातीचा आलेला. 

आप्पांचं गाव कराडपासून जवळच, नदीकाठी. ऊस भाऊ बघतो. आप्पा अठ्ठावीस वर्षं सैन्यात होते, त्यातली बरीच वायरलेस सेटसमोर, कानाला हेडसेट लावून. सुभेदार होऊन परतले आणि आमच्या कॉलनीत घर बांधून राहिले. घरात ते आणि काकी दोघंच. मुलगा पुण्याला. त्याने स्वतःचा जुना कंप्युटर आईवडिलांना आणून दिला, नातवाशी बोलता यावं म्हणून. त्यासोबत दोन प्लास्टिकचे स्पीकर आले होते. नातू पलीकडून "आजोबा" म्हणाला आणि आप्पा उठून उभे राहिले.

"ह्यो माझा नातू बोलतोय का डब्यातला बेडूक?"

त्या दिवसापासून कराड शहराच्या कानांची जबाबदारी आप्पांनी स्वतःच्या शिरावर घेतली. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

हेडफोन आणि स्पीकर तपासायला लोक गाणी लावतात. आप्पांना ते मान्य नाही. "गान्यात सोंग घेतल्यालं असतंय. कोन कसं गात हुतं, तू बघायला गेलावतास का? जे आपन रोज ऐकतो, त्येच लावायचं." म्हणून आप्पांनी परीक्षेचं सामान स्वतः तयार केलं. सगळं घरात आणि गोठ्यात मोबाइलवर घेतलेलं. कंप्युटरवर त्याचा एक कप्पा आहे आणि आत नावं अशी: तांब्या, म्हैस, भाकरी, काकी एक, काकी दोन.

'तांब्या' म्हणजे पितळी तांब्या फरशीवर पडल्याचा आवाज. पडतो तो आवाज महत्त्वाचा नाही, पडून झाल्यावर तो घुमत घुमत विरतो, ते शेपूट महत्त्वाचं. चांगल्या हेडफोनात ते शेवटपर्यंत ऐकू येतं, वाईटात मधेच तुटतं. 'म्हैस' खर्जासाठी. 'भाकरी' सगळ्यात अवघड. काकी भाकरी थापताहेत आणि हातातल्या बांगड्या वाजताहेत. "खालची थाप आन् वरची काकनं, दोनी येगयेगळी ऐकू आली पायजेत. एकानं दुसऱ्याला गिळलं की नापास."

'काकी एक'मध्ये काकी म्हणतात, "आवं, जेवायला वाढलंय." 'काकी दोन'मध्ये तेच वाक्य आहे, पण चौथ्यांदा म्हटलेलं.

एकदा बाजारातल्या मोमीनभाईंनी त्यांच्या दुकानात नवे आलेले छोटे स्पीकर मोठ्या कौतुकाने आप्पांकडे पाठवले होते. मी तेव्हा तिथेच होते. आप्पांनी 'काकी दोन' लावलं. स्पीकरातून काकी इतक्या मऊ, इतक्या मधाळ आवाजात बोलल्या की मलाच जेवायला बसावंसं वाटलं. आप्पांनी तारा उपटल्या.

"मेडिकल अनफिट! चाळीस वर्षं ह्यो आवाज ऐकतोय मी. स्पीकरनं आत साखर घातली तर मला कळनार न्हाई व्हय?"

आतून खऱ्या काकींचा आवाज आला, "मग ऱ्हाऊ द्या की त्योच घरात! तेवढंच बरं कानावर पडंल तुमच्या."

समोरच्या घरात भाड्याने राहणारी इंजिनिअरिंगची मुलगी लाल-निळे दिवे लागणारा मोठा हेडफोन घेऊन आली, तेव्हा आप्पांनी तो सरळ-उलटा ऐकला आणि तिच्या हातात परत देत म्हणाले, "पोरी, ह्यात दिवाळी लय हाय, फराळ न्हाई." ती हसत हसत गेली आणि हेडफोन परत पाठवून आली. लोकांना आप्पांच्या बोलण्याचं वाईट वाटत नाही ते ह्यामुळे. स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू वाईट आहे हे ऐकायला कुणाला आवडतं? पण आप्पा ते अशा थाटात सांगतात की दोष वस्तूचा, मालक बिचारा निर्दोष सुटतो.

शेजारच्या देशमान्यांच्या वास्तुशांतीची गोष्ट तर कॉलनीत अजून सांगतात. देशमान्यांनी नव्या घरात कंप्युटरला जोडायला एक मोठी ढमढम करणारी पेटी आणि दोन स्पीकर घेतले होते. सत्यनारायणाच्या वेळी हलक्या आवाजात सनई लावली होती. आप्पा आले, पाटावर बसले, आणि गुरुजी तिसऱ्या अध्यायात असताना उठले.

"पोट वाजतंय," त्यांनी जाहीर केलं, "गळा कुठाय?"

पेटी कोपऱ्यात कपाटाखाली कोंबली होती. आप्पांनी ती ओढून बाहेर काढली, तिच्याखाली वाकळेची घडी घातली. दोन्ही स्पीकर जमिनीवर होते, ते प्रसादाच्या रिकाम्या डब्यांवर ठेवून बसलेल्या माणसाच्या कानाइतके उंच केले. मग पूजेला बसलेल्या देशमान्यांना उठवून दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधे खुर्चीत बसवलं. सोवळं नेसलेले देशमाने खुर्चीत, वहिनी पाटावर एकट्या, गुरुजी पोथीत बोट घालून थांबलेले. सनई मात्र खरोखरच मोकळी झाली होती, हे गुरुजींनीही मान्य केलं.

"पास," आप्पा म्हणाले. "स्पीकर अनफिट नव्हता. पोस्टिंग चुकलं हुतं. हां गुरुजी, चालू द्या तुमचं."

माझी आणि आप्पांची खरी ओळख झाली ती माझ्या कामामुळे. मी घरी बसून लोकांचं बोलणं ऐकते आणि टाइप करते. बैठका, मुलाखती, गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, असं काहीही येतं. बोलणाऱ्याच्या डोक्यावर पंखा फिरत असतो, मागे कुत्रं भुंकत असतं, आणि त्यातून शब्द वेचायचे. ह्या कामात मी पटाईत आहे असं मला वाटायचं. आप्पा एकदा वर्गणी मागायला आले, माझा हेडफोन न विचारता डोक्यात घातला आणि म्हणाले, "तुज्या कंप्युटरात कोन दळायला बसलंय?"

मला काही ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं ती घरघर ऐकून माझ्या कानांनी ती सोडूनच दिली होती. आप्पांनी माऊस हलवून दाखवला. हलवला की बारीक कुईकुई. थांबवला की बंद.

"पेटीच्या आत पंखा, वीज, समदा गोंधळ. तितंच आवाजाला बसीवलाय. त्यो बिचारा काय बोलंल? त्येला वसरीवर काढ."

वसरीवर काढायचा म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड घ्यायचं. अंगठ्याएवढी वस्तू. आप्पांनी मोमीनभाईंच्या दुकानात उभं राहून चार कार्डं नापास केली आणि पाचवं मला दिलं. घरी येऊन लावलं. एका आजीबाईंची मुलाखत होती, चारदा ऐकलेली. त्या बोलता बोलता थांबायच्या तिथे मी टिंबं देत होते. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्या थांबत नव्हत्या, श्वास घेत होत्या. मी ती टिंबं एकेक करून पुसली. आपल्याला किती ऐकू येत नव्हतं, हे असं कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. पण माझा शिकलेपणाचा तोरा काही त्यामुळे उतरला नाही. तो उतरायला पुढची गोष्ट घडावी लागली.

गेल्या वर्षीची गोष्ट. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता आणि माझे यजमान तिथे पाळीवर. एका सोमवारी सकाळी कामाला बसले, तर हेडफोनची डावी बाजू मेल्यासारखी. आवाज येत होता, पण मधे कुणी उशी धरल्यासारखा. वायर हलवली, फुंकर मारली, दोन चापट्या दिल्या. मग ठरवलं, हेडफोन गेला. जुना काढला. त्यातही डावीकडे कमी. म्हणजे साउंड कार्ड गेलं. मंगळवारी बाजारात जाऊन दुसरं आणलं. तरी तेच. म्हणजे कंप्युटरच बिघडला. बुधवारी यजमानांनी सुट्टीच्या दिवशी बसून त्यात काय काय नवीन भरलं. तरी डावी बाजू ढिम्म. डोक्यात एक बारीक शिट्टीही वाजत होती, तिला मी सर्दी समजून वाफ घेतली. फोन मी नेहमी उजव्या कानाला लावते, त्यामुळे तिकडून काही कळायची सोय नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी तीन दिवस घालत होते.

गुरुवारी हेडफोन आणि दोन्ही कार्डं पिशवीत घालून आप्पांकडे गेले. म्हटलं, "आप्पा, ह्यातलं मेडिकल अनफिट कोण ते तुम्हीच सांगा."

आप्पांनी सरळ ऐकलं, उलटं ऐकलं. हेडफोन माझ्याकडे दिला.

"डावा कान, रिपोर्ट दे."

"कमी."

"फिरीव. आता?"

"आताही डावीकडेच कमी."

"डावीकडं म्हंजी हेडफोनच्या, का तुज्या?"

"माझ्या."

आप्पांनी कपाटातून स्वतःचा हेडफोन काढला. मग तिसरा एक. प्रत्येक वेळी सरळ, प्रत्येक वेळी उलटा. 'तांब्या' लावला. उजव्या कानात त्याचं शेपूट लांबवर गेलं, डाव्यात तांब्या पडला आणि तिथेच मेला. एरवी आप्पा अशा वेळी तोंडाचा पट्टा सोडतात. त्या दिवशी त्यांनी सगळ्या तारा सावकाश काढल्या आणि गुंडाळून ठेवल्या.

"हेडफोन पास," ते म्हणाले. "कार्ड पास. दोनी पास."

"मग नापास कोण?" मी हसत विचारलं.

आप्पांनी खुर्ची मागे सरकवली. आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "अगं, टोपी दे माझी!" आणि मला म्हणाले, "पोरी, घराला कुलूप लाव. मिरजेला जायाचं."

मला वाटलं, मिरजेत चांगलं दुकान असेल. म्हटलं, "आप्पा, आज नको, दुपारी माझी एक बैठक आहे."

"रद्द," आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, माझ्याकडे नीट बघत, त्यांनी सांगितलं. "हेडफोन फिरीवला, तरी आवाज तुज्याच डावीकडं कमी येतोय. म्हंजी बिघाड फिरनाऱ्यात न्हाई, जागंवर बसल्याल्यात हाय. कान दाखवायचा हाय तुजा. आजच. उद्या न्हाई."

ऐकणं हेच माझं काम, तेच माझं पोट, आणि त्याच कानाबद्दल हा माणूस बोलत होता. काकींनी न विचारता माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं, यजमानांना आप्पांनीच फोन केला. "जावईबापू, तुमी पाळी करा, मी हाय संगं," एवढंच बोलून ठेवला. एस.टी.त मी खिडकीला डोकं टेकून बसले. इस्लामपूर आलं, सांगली आली, मिरज आली.

मिरजेला डॉक्टरांना तोटा नाही. आप्पांनी एका कानाच्या डॉक्टरांचं नाव आधीच काढून ठेवलं होतं. तिथे मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवला, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. तपासणाऱ्या मुलीने दार लावायच्या आत आप्पांनी डोकं आत घातलं.

"ताई, ह्यो हेडफोन उलटा घालून बघितलाय का कुनी?"

"काका, तुम्ही बाहेर बसा."

"बसतो. पन एकदा उलटा घालून बघा."

मला त्या अवस्थेतही हसू आलं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाची नस अचानक कमजोर झाली आहे. कधी कधी होतं असं, कारण सापडतंच असं नाही. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हटलं, "चौथा." ते म्हणाले, "बरं झालं लगेच आलात. लोक मळ आहे, सर्दी आहे म्हणून महिना काढतात, मग आमच्या हातात फार काही उरत नाही. औषध आजच सुरू करू. पूर्ण येईल असं वचन देत नाही, पण संधी चांगली आहे."

औषधं येईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आप्पा माझ्या डावीकडे बसले आणि काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. "काय?" म्हणून मी मान वळवली. ते पुन्हा बोलले, पुन्हा मी "काय?" शेवटी मी उठून त्यांच्या डावीकडे जाऊन बसले, म्हणजे ते माझ्या चांगल्या कानाला आले. म्हटलं, "हं, आता बोला. आणि आप्पा, खरं सांगा, माझा कान येईल ना?"

आप्पा समोर बघत बसून राहिले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी उजवा कान माझ्याकडे वळवला.

"आं?"

आमची जोडी त्या बाकावर कशीही बसली तरी एकाचा कान वाया जात होता.

"आप्पा," मी म्हटलं, "तुमचा डावा..."

आप्पा उठले, माझ्या समोर जमिनीवर उकिडवे बसले. बाजूला बसून जमत नव्हतं, म्हणून तोंडासमोर. आजूबाजूच्या लोकांना वाटलं असेल, म्हातारा सुनेची समजूत काढतोय.

"एकवीस वर्षं झाली," ते म्हणाले. "लय लांब, वर डोंगरात हुतो. सकाळी सेटवर बसलो तर डावीकडनं कमी. म्हनलं, हेडसेट गेला. दुसरा आनला. त्यो बी गेला. तिसरा. स्टोअरवाल्याशी रोज भांडन. म्हनलं, तू समदा माल सडका देतोस. सव्वा म्हैना भांडलो त्याच्याशी."

"आणि कान?"

"मनात पाल चुकचुकली हुती की. पन बोललो न्हाई कुनाला. कान गेला म्हनलं असतं, तर सेटवरनं उठीवलं असतं. सेटवर बसनारा म्हनून तर मला समदे वळखायचे. शेवटी मेडिकलला घावलो. डाक्टरसाब म्हनाले, पैल्या आठवड्यात का आला न्हाईस? काय सांगू? हेडसेट बदलत हुतो म्हनून?" आप्पा मिशीत हसले. "मग स्टोअरमधी टाकलं. ज्याच्याशी भांडलो, त्याच्याच शेजारच्या टेबलावर."

आता मला कळलं की आप्पा हेडफोन उलटा का घालतात. त्यांच्याकडे एकच कान आहे, म्हणून दोन्ही बाजू त्याच कानाने तपासाव्या लागतात. पण लोकांना का उलटा घालायला लावतात, ते मी विचारलं.

"हेडफोन काय, आज न्हाई उद्या मोडतोच. आवडला न्हाई तर परत धाडता येतो. कान कुठं धाडशील? मी बघतो, फिरीवल्यावर मानूस काय म्हनतंय."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही हेडफोन तपासत नव्हताच?"

"त्यो बी तपासतो की. पन आधी मालक."

"आणि असं कितीजणांचं सापडलं?"

आप्पा उठले, गुडघे झटकले. "तू पयली," म्हणाले. "आन् शेवटचीच असू दे."

काकींशिवाय हे कुणालाही ठाऊक नव्हतं. पोटच्या पोराला नाही, भावाला नाही. कॉलनीत बारा वर्षं राहून त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. आम्ही सगळे त्यांना विक्षिप्त म्हणून हसत होतो आणि ते आमच्या एकेकाचे कान तपासून आम्हाला घरी पाठवत होते. मला बाकावर रडू फुटलं. माझ्या कानासाठी फुटलं असं आप्पांना वाटलं असेल, पण त्यासाठी नव्हतं.

औषध दोन-अडीच आठवडे चाललं. माझं काम मैत्रिणींनी वाटून घेतलं. मी रोज सकाळी उठल्या उठल्या डाव्या कानाजवळ बोटं चोळून बघायची. काही नाही. काही नाही. मग एका सकाळी बोटांची कोरडी खसखस ऐकू आली. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, जवळजवळ सगळा आला. ती शिट्टी मात्र अगदी बारीक अजून राहिली आहे. राहू दे, तिचं माझं आता जमतं.

मी कंदी पेढे घेऊन आप्पांकडे गेले. आप्पा पेढ्यांना हात लावेनात. "आधी मेडिकल," म्हणाले. हेडफोन सरळ, हेडफोन उलटा, तांब्या, भाकरी, म्हैस. सगळं ऐकून मी म्हटलं, "दोन्हीकडे सारखं." आप्पांनी "पास!" अशी आरोळी ठोकली की काकी लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. मी दोघांच्या पाया पडले. म्हटलं, "आप्पा, तुम्ही त्या दिवशी मला एक नवा हेडफोन सुचवून घरी पाठवलं असतं, तर मी आनंदाने गेले असते. माझा कान तुमच्यामुळे आहे. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही." आप्पा टोपी काढून पुन्हा घालू लागले. स्तुती झाली की त्यांना काय करावं सुचत नाही.

काकी पेढे घेऊन आत गेल्यावर आप्पांनी खुर्ची ओढली.

"येक काम हुतं. तुला येळ हाय का?"

"आहे की."

त्यांनी कंप्युटरवर एक फाईल शोधली. मिरजेत कुणाच्या तरी घरच्या बैठकीत घेतलेलं सतारीचं रेकॉर्डिंग होतं. तिथल्या एका सतार बनवणाऱ्या ओळखीच्या माणसाने त्यांना दिलेलं.

"ह्ये मी लय येळा ऐकलंय," आप्पा म्हणाले. ते कंप्युटरशी बोलत असल्यासारखे बोलत होते. "आवाज चांगला हाय. पन मला समदं एकाच दारातनं येतंय. कोन कुठं बसलंय त्ये कळत न्हाई. पयलं कळायचं. आता तुजे दोनी कान हायत, तर जरा बघून सांगतीस का?"

स्पीकर लावले. मी मधे बसले, आप्पा शेजारी. सतार सुरू झाली.

"सतार कुठाय?"

"डावीकडे. जरा पुढे."

आप्पांनी त्या बाजूला बघितलं. "आन् तबला?"

"उजवीकडे. पण सतारीपेक्षा थोडा मागे."

"मागं?" त्यांनी हाताने हवेत ती जागा दाखवली. "हितं?"

"अजून थोडा. हां, तिथे."

"तंबोरा आसंल की. त्यो कुठाय?"

"दोघांच्या मधे, अगदी मागे."

"बाई हाय का बुवा?"

"ते कसं कळणार, आप्पा!"

"बरं, बाई धरू." त्यांनी बोटाने तिन्ही जागा पुन्हा मोजल्या. "म्हंजी मधी जागा मोकळी हाय."

"हो. चांगली मोकळी आहे. समोर बसल्यासारखं वाटतं."

आप्पांनी मान हलवली. मुलाखत घेताना माणसं मान हलवतात तशी नव्हे, घरी आलेल्या पाहुण्यांना बसा म्हणताना हलवतात तशी. रेकॉर्डिंगमध्ये ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी हळूच दाद दिली.

"ह्ये कोन?"

"कुणी ऐकणारा आहे. डावीकडे, सगळ्यात शेवटी. दाराजवळ बसला असेल."

आप्पांनी मान डावीकडे वळवली. तिकडे नुसती भिंत होती. त्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, "सावकाश सांग पोरी. घाई न्हाई. कोन कोन आलंय, समद्यांचं सांग."

मी डोळे मिटले आणि एकेकाचं सांगत राहिले.